मासा एका वहीत, रोही दुसऱ्या

लेखमाला : कागदावरचं रान (भाग सहावा)

धामणगाव बढेच्या शिवारात मक्याच्या कणसात दाणा भरू लागला की जागल सुरू होते. धुऱ्यावर मचाण, उशाशी बॅटरी, हाताशी बडवायला रिकामा डबा. रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, कळप वावरात शिरला तर खातो त्याहून जास्त तुडवतो. रानडुकरं आली तर झाड मुळासकट उखडतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या याच मोताळा तालुक्यात नळगंगा धरणाच्या पाण्यात पहाटे जाळी ओढली जातात आणि कटला, रोहू, मृगळ बाजाराच्या वाटेला लागतात. रानातला जीव आणि माणसाचं पोट यांचाच हा व्यवहार, दोन्हीकडे. सरकारदरबारी मात्र या दोन व्यवहारांची तोंडं दोन दिशांना आहेत. मासा मत्स्यव्यवसाय विभागाच्या वहीत जमेच्या बाजूला बसतो. रोही वनविभागाच्या वहीत असतो, आणि त्याने खाल्लेला मका त्या वहीत खर्ची पडतो.

वन्यजीव आणि मत्स्य धोरणात काम करणं म्हणजे काय, असं विचारलं तर बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जिप्सी, दुर्बीण आणि खाकी गणवेश येतो. प्रत्यक्षात या कामाचा मोठा भाग वह्या ठेवण्याचा आहे. कोणता जीव कोणत्या खात्याचा, त्याने केलेलं नुकसान कोणाच्या नावे, त्याच्यापासून मिळालेलं उत्पन्न कोणाचं, हे ठरवणारा कागद म्हणजे धोरण.

अमेरिकेने या दोन वह्या 1940 मध्ये एकत्र शिवल्या. मत्स्य ब्यूरो आणि जैविक सर्वेक्षण ब्यूरो मिळून ‘फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’ उभी राहिली. पैशाची सोयही तिथल्या लोकांनी रोखठोक केली. 1937 च्या कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला, 1950 च्या कायद्याने गळ-दोऱ्यांवरच्या कराचा पैसा माशांकडे. शिकारी आणि गळ टाकणारा हौशी माणूस हेच तिथे संवर्धनाचे वर्गणीदार झाले. आपल्याकडे शिकार 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने थांबली आणि ते योग्यच झालं. पण वर्गणी कोणाकडून घ्यायची, हा प्रश्न मागे उरला. ती आज मचाणावर जागणारा शेतकरी भरतो, झोपेच्या रूपाने.

आधी माशाची वही. धरणातल्या माशाला रानटी म्हणणं तसं अवघडच. कटला-रोहू-मृगळ हे वाहत्या नदीतले मासे, पावसाळी पुरात अंडी देणारे. साठलेल्या पाण्यात ते जगतात, वाढतात, पण सहसा विणत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुळ इथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांची वीण घडवली आणि देशभरच्या धरणांचं चित्र पालटलं. दरवर्षी 10 जुलैला साजरा होणारा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन त्याचीच आठवण आहे. तेव्हापासून धरणात मत्स्यबीज सोडायचं, बोटुकली वाढवायची, मग मासेमारीचा ठेका द्यायचा, अशी रीत पडली. ठेका सहकारी संस्थांना मिळतो. विदर्भात या संस्था मुख्यत्वे भोई समाजाच्या, पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर पोट असलेल्यांच्या. त्यामुळे ठेक्याचा दर, मुदत आणि निविदेच्या अटी हे शब्द मंत्रालयात कोरडे वाटले तरी धरणाच्या काठावर त्यांवर घरं चालतात.

एप्रिल 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीजदर, कर्ज आणि विमा या बाबतींत मासे धरणारा शेतकऱ्याच्या रांगेत आला. एका कागदाने हजारो लोकांची सरकारी ओळख बदलते ती अशी.

या वहीत एक आंधळा कोपरा मात्र आहे. तिला किलो कळतात, जाती फारशा कळत नाहीत. मरळ, वाम, देशी मांगूर हे ओढ्या-नाल्यांतले स्थानिक मासे सहसा कोणी बीज म्हणून सोडत नाही, म्हणून ते उत्पादनाच्या रकान्यातही ठळक दिसत नाहीत. उलट आफ्रिकी मांगूर देशात बंदी असताना चोरून पाळला जातो. तो गटारातही जगतो, समोर येईल ते खातो आणि तळ्याबाहेर निसटला की देशी माशांचा घास घेतो. राज्यात उजनीच्या परिसरात मत्स्य विभागाने या माशाची तळी उद्‌ध्वस्त केली आहेत. त्या कारवाईत मत्स्य अधिकारी नकळत वन्यजीव रक्षकाचंच काम करत होते. त्यांच्या पदनामात तेवढं लिहिलेलं नाही.

वन्यजीव कायद्यानेही माशाला बराच काळ दाराबाहेरच ठेवलं होतं. देवमाशाएवढा दिसणारा, पण खरा मासाच असलेला व्हेल शार्क 2001 मध्ये पहिल्या अनुसूचीत आला. त्या कायद्याचं पूर्ण संरक्षण मिळालेला तो पहिला मासा.

आता रोह्याची वही. 2022 च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या अनुसूची सहावरून चारवर आल्या आणि रोही व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत गेले. कलम 11 प्रमाणे असा प्राणी माणसाला किंवा उभ्या पिकाला घातक ठरला तर त्याला मारण्याची परवानगी देता येते. हा अधिकार मुळात मुख्य वन्यजीव रक्षकाचा. महाराष्ट्राने जुलै 2015 च्या शासन निर्णयाने रोही आणि रानडुकरांपुरता तो वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. कागदावर वाट मोकळी झाली. शिवारात अडचण अशी की परवानगी मिळाली तरी बंदूक कोणाकडे आहे? परवानाधारक नेमबाज गावात नसतो, आणि ‘नीलगाय’ या नावातली गाय आडवी येते. मोताळ्याकडचा शेतकरी तिला रोहीच म्हणतो. तरीही गोळी घालायची वेळ आली की बरेच हात मागे सरतात.

बिहारने दुसरी वाट धरली. केंद्राने कलम 62 खाली डिसेंबर 2015 मध्ये तिथल्या काही जिल्ह्यांत रोह्याला वर्षभरासाठी उपद्रवी ठरवलं. जून 2016 मध्ये मोकामा भागात बाहेरून आणलेल्या नेमबाजांनी 200 हून अधिक रोही मारले. त्यावरून केंद्रातल्याच दोन मंत्र्यांची, मनेका गांधी आणि प्रकाश जावडेकर यांची, चारचौघांत जुंपली. एक म्हणत होत्या की ही मारण्याची हौस आहे. दुसरे म्हणत होते की राज्याने मागितलं, नियमात बसलं, दिलं. दोघांच्याही बोलण्यात, राज्याने मागितलं तेव्हा रोह्यांची मोजदाद कोणी आणि कशी केली होती, हा प्रश्न मागेच राहिला. धोरण लिहिणाऱ्याने तो पहिल्या ओळीत विचारायला हवा होता.

मारणं जमत नाही, तर भरपाई. पीक गेलं की तीन दिवसांत तक्रार, मग पंचनामा. वनरक्षक, वनपाल, वनपरिक्षेत्र अधिकारी, उपवनसंरक्षक अशी कागदाची चढण. वाघ-बिबट्याच्या हल्ल्यात माणूस दगावला तर राज्य वारसांना 25 लाख रुपये देतं, आणि अशा वेळी यंत्रणा हलते. पाव एकर मक्यासाठी तिला तेवढी घाई नसते. पुष्कळ शेतकरी तालुक्याचे खेटे मोजतात, भरपाई मोजतात आणि अर्जच करत नाहीत. मग वहीत नुकसान कमी दिसतं, आणि कमी दिसतं म्हणून पुढची तरतूदही त्याच बेताची होते.

नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने यात एक नवी वही आणली. वन्यप्राण्यांनी केलेलं पिकाचं नुकसान 2026 च्या खरिपापासून पीकविम्यात, स्थानिक आपत्तीचं जादा संरक्षण म्हणून घेता येईल, असं जाहीर झालं. अट 72 तासांत ॲपवर नुकसानीचे फोटो टाकण्याची. म्हणजे गारपीट आणि रोही एका पंगतीला बसले. वनविभागाच्या खर्चातून हा भार विम्याच्या हप्त्याकडे सरकतो आहे. शेतकऱ्याला पैसे कोणत्या खिशातून आले याच्याशी देणंघेणं नसतं. धोरणाच्या टेबलाला असावं. नुकसान विम्याकडे गेलं की रोह्यांची संख्या का वाढते, हा प्रश्न वनविभागाच्या टेबलावरून अलगद खाली घसरू शकतो.

वाघाची गोष्ट या दोन्ही वह्यांत मावत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण नर फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावून सोडला होता. जूनमध्ये तो निघाला. तेलंगणाची कड, मग मराठवाडा, मग वऱ्हाड, असं शेतांतून, नाल्यांतून, रस्ते ओलांडत तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. कॉलर निघेपर्यंत सुमारे 3,000 किलोमीटरची चाल नोंदली गेली होती. पुढे त्याला ‘वॉकर’ हे नाव पडलं. वनविभागाच्या कागदात तो सी-वन.

ज्ञानगंगेच्या, म्हणजे बोथ्याच्या जंगलात वाघ आला, म्हणून जिल्हा हरखला. पाठोपाठ धोरणाचा प्रश्न उभा राहिला. इथे तो एकटाच वाघ, मग त्याच्यासाठी वाघीण आणून सोडावी का? त्यावर गंभीरपणे विचार झाला. भारतीय वन्यजीव संस्थेचे डॉ. बिलाल हबीब यांचा सूर सावध होता. अभयारण्य 205 चौरस किलोमीटरचं, भोवती शेती आणि विरळ झालेलं रान. बछडे झाले तर वाढल्यावर ते जाणार कुठे? वाघीण आणली गेली नाही. बातमीच्या दृष्टीने हा काहीच न घडल्याचा निर्णय होता. पण जे करायचं नाही ते कारणांसह फायलीवर लिहिणं हा या नोकरीतला फार अवघड आणि कमी वाखाणला जाणारा भाग आहे.

त्याच वाघाने आणखी एक पोल उघडी केली. अभयारण्याच्या आत तो अकोला वन्यजीव विभागाचा. हद्द ओलांडून एखाद्या कपाशीत बसला की बुलढाणा प्रादेशिक विभागाचा. रानडुकराचं तेच, रोह्याचंही तेच. हद्द माणसांनी खांब रोवून आखलेली, आणि खांब वाचता येणारा प्राणी अजून जन्माला यायचा आहे.

आणि आता पाणीच हद्द ओलांडणार आहे. वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी मिळाली. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचं पाणी सुमारे 426 किलोमीटरच्या कालव्याने विदर्भाच्या पूर्वेकडून पश्चिमेला, थेट नळगंगेपर्यंत येणार. खर्च 88 हजार कोटींच्या घरात, सिंचनाची आशा सुमारे 3 लाख 71 हजार हेक्टरची. कोरडवाहू मोताळ्याला या आकड्यांचं मोल कोणी सांगायला नको. पण वैनगंगा पुढे गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराला जाते आणि नळगंगा पूर्णेतून तापीला, म्हणजे अरबी समुद्राला. एवढा काळ वेगळी राहिलेली दोन खोरी एका कालव्याने जोडली की पाण्याबरोबर अंडी, पिल्लं, परके मासेही प्रवास करणार. हा विषय सिंचनाच्या फायलीत सहसा येत नाही, आणि मत्स्यव्यवसायाची वही तर जाती फारशा मोजतच नाही.

जमिनीवरचा प्रश्न अधिक ढोबळ आहे. सिमेंटचं अस्तर लावलेल्या कालव्याच्या उताराला हरणाचा खूर ठरत नाही. पाणी प्यायला उतरलेलं जनावर वर येऊ शकत नाही. टिपेश्वरच्या वाघासारखा एखादा पुन्हा पश्चिमेला निघाला तर त्याच्या वाटेत ही लांबलचक रेघ असेल. उपाय ठाऊक नाहीत असंही नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 वर रस्ता उचलून खालून प्राण्यांना वाट ठेवली आहे, आणि वाघ ती वापरतात हे कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. कालव्याला ठरावीक अंतरावर खडबडीत उतरंड, वरून माती-गवताचे रुंद पूल आणि तोंडाशी बारीक जाळी लागेल. त्यांची कलमं निविदेत आधीच आली तर ती अंदाजपत्रकात बसतात. नंतर आली तर वेगळा प्रस्ताव, वेगळी मान्यता, वेगळी वही.

गावाच्या हातातही एक वही आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. शिवारातलं गवत, झाडं, पाखरं, जनावरं, ओढ्यातले मासे, सगळं तिच्यात एकत्र लिहायचं. राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घातली, चुकणाऱ्या राज्यांना महिन्याला 10 लाख रुपये दंडाची तंबी दिली, आणि मुदतीच्या तोंडावर देशभर नोंदवह्यांचा पाऊस पडला. त्यांतल्या किती गावात बसून भरल्या आणि किती शेजारच्या गावाची प्रत काढून, हे चाळून पाहण्यासारखं आहे. मरळ आणि रोही एका पानावर येतात ते फक्त तिथे. नळगंगेच्या ओढ्यांत आज कोणते मासे आहेत, हे कालव्याचं पाणी येण्याआधी लिहून ठेवायचं तर त्यासाठीही पानं तिच्यातच आहेत. ती भरायला लागणारी माणसं पहाटे धरणावर आणि रात्री मचाणावर भेटतात.