सही करण्याआधी कागद वाचा!



मागच्या बैठकीला आमच्या गटातली एक ताई गप्प गप्प होती. काजू कारखान्यातलं तिचं काम सुटलं होतं. “माल कमी आहे, उद्यापासून येऊ नका,” असं सांगून तिची एका कागदावर सही घेतली. तो कागद राजीनाम्याचा निघाला. पावणेसहा वर्षं काजू सोलून ती रिकाम्या हाताने घरी आली.

काम कमी झालं म्हणून मालकाने माणूस काढला, तर त्याला कामगार कपात म्हणतात. मालक कपात करू शकतो, पण त्याचे नियम आहेत. ते १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होते, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहेत.

मागच्या बारा महिन्यांत तुमचे कामाचे २४० दिवस भरले असतील, तर दोन गोष्टी मिळायला हव्यात. पगारी सुट्ट्या यात धरतात. बाळंतपणाची रजाही ठरलेल्या मर्यादेत धरतात.

पहिली गोष्ट, एक महिना आधी लेखी नोटीस. तिच्यात कारण लिहिलेलं हवं. नोटीस न देता लगेच काढलं, तर एका महिन्याचा पगार द्यायचा.

दुसरी, नुकसानभरपाई. नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. वरचा काळ सहा महिन्यांहून जास्त असेल, तर तोही एक वर्ष धरतात.

आता त्या ताईचा हिशेब करू. पगार महिना १२,००० रुपये धरला, तर १५ दिवसांचे ६,०००. पावणेसहा वर्षांची सहा वर्षं धरली, म्हणजे ३६,०००. नोटिशीऐवजीचे १२,००० मिळवले, की ४८,००० रुपये झाले. केलेल्या कामाचा थकलेला पगार आणि ग्रॅच्युइटी लागू असेल तर ती, याहून वेगळी.

राजीनामा दिला, की कपातीची ही भरपाई मिळत नाही. म्हणून न वाचता सही करू नका, कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. “घरी दाखवून उद्या आणते,” एवढं म्हणा. हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या, बँकेचं पासबुक जपून ठेवा.

सही होऊन गेली असली, तरी गप्प बसू नका. फसवून सही घेतली असेल तर तशी लेखी तक्रार जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लवकर द्या आणि पोच घ्या. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात बायकांना वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आमच्या ताईचा अर्ज आम्ही गटात बसूनच लिहिला. या वेळी तिने तो दोनदा वाचला आणि मगच सही केली.