घोड्याच्या चंदीत तेल : किती, कोणते आणि केव्हा

लग्नसराईच्या आधी वडशातील एक घोडीवाले भाई आमच्याकडे तेलाचा डबा घेऊन आले. घोडीची कांती उतरली होती, बरगड्या दिसू लागल्या होत्या, आणि अळशीचे तेल पाजले की जनावर महिन्यात चमकते असे त्यांना कोणी सांगितले होते. सल्ला तसा चुकीचा नव्हता. डबा मात्र रंगाच्या दुकानातला होता आणि त्यावर 'डबल बॉइल्ड' असे छापले होते. ते तेल सुतारकामाचे, दारे-खिडक्यांना लावायचे. रंग लवकर वाळावा म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात आणि ते पोटात गेले तर विषासारखेच. आमच्या भागात शेतकरी ज्याला जवस म्हणतो त्यालाच रंगाचा दुकानदार अळशी म्हणतो. बी एकच, पण दोन डब्यांत जमीन-अस्मानाचा फरक. डबा परत गेला आणि घोडी वाचली. त्या दिवसापासून या विषयावर लिहावे असे आमच्या मनात होते.

घोडा हे आता कमी लोकांचे भांडवल राहिले आहे. देशात 2012 च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे व तट्टू होते, 2019 च्या गणनेत ते सुमारे 3 लाख 40 हजारांवर आले. टांग्याची जागा ऑटोने घेतली. पण वरातीची घोडी अजून चालते आणि ज्याच्या दारात ती उभी आहे त्याचा वर्षाचा बराचसा हिशेब चार-पाच महिन्यांच्या मुहूर्तांवर अवलंबून असतो. ऐन हंगामात पोटशूळ झाला, तर सुपाऱ्या परत कराव्या लागतात. घोडी दगावली तर भांडवलच गेले. म्हणून चंदीचा विचार हा धंद्याचाच विचार होय.

प्रथम तेल कशासाठी ते पाहू. घोड्याचे खरे अन्न गवत. त्याचे पोट लहान आणि मागचे मोठे आतडे प्रचंड, तिथे गवत आंबवून त्यातून शक्ती मिळवायची अशी त्याची रचना. काम वाढले की गवत पुरत नाही, म्हणून आपण चणा, बाजरी, मका, जव यांची चंदी देतो. ही चंदी एका वेळी जास्त झाली की धान्यातले पिठूळ सत्त्व लहान आतड्यात पुरते पचत नाही, मोठ्या आतड्यात उतरते, तिथे आंबट होते आणि मग पोटशूळ किंवा खुरांचा दाह होतो. हंगाम संपल्यावर घोडी आठवडाभर खुंट्याला उभी, चंदी मात्र पूर्वीइतकीच, आणि नंतर एकदम कामाला काढली, तर मागच्या पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे आखडतात. जुन्या घोडेवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे.

तेलात पिठूळ सत्त्व अजिबात नसते. शक्ती मात्र वजनाच्या मानाने चण्याच्या अडीच पटीच्या आसपास. म्हणजे 100 ग्रॅम तेलाने सुमारे 250 ग्रॅम चण्याइतकी शक्ती मिळते आणि पोट आंबण्याची भीती राहत नाही. काही मंडळी विचारतात की घोड्याला पित्ताशय नसते, मग तेल पचणार कसे ? पित्ताशय नसते हे खरे आहे. पण पित्त यकृतातून सतत आतड्यात झिरपत असते, कारण घोडा दिवसभर थोडेथोडे खाणारा प्राणी आहे. म्हणून थोडे तेल, विभागून दिलेले, त्याला उत्तम पचते. एकदम वाटीभर ओतले तर शेण पातळ व तेलकट पडते. तसे दिसले की प्रमाण ताबडतोब कमी करावे.

प्रमाण ठरवायचे तर आधी जनावराचे वजन हवे. वजनकाटा कोणाकडे नसतो, पण शिंप्याची टेप असते. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर सेंटीमीटरमध्ये घ्यावा. खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यावी. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880, की किलोत वजन येते. घेर 150 आणि लांबी 140 असेल, तर सुमारे 265 किलो. आमच्याकडच्या बहुतेक तट्टवजा घोड्या याच्याच आसपास भरतात. दर 100 किलोमागे रोज 100 मिलीलिटर ही वरची हद्द समजतात, पण तिथपर्यंत जाण्याचे वरातीच्या घोडीला कारण नाही. 265 किलोच्या घोडीला 150 मिली पुष्कळ झाले. सुरुवात 30 मिलीने करावी, सकाळी एक मोठा चमचा आणि संध्याकाळी एक, ओलसर चंदीत नीट कालवून. दर चार दिवसांनी 30 मिली वाढवावे. सतराव्या दिवशी 150 वर पोहोचता. घाई करू नये, शरीराला तेल वापरण्याची सवय लागायला त्यानंतरही काही आठवडे जातात. कांतीवर फरक दिसायला महिना-दीड महिना धरावा. तुळशीच्या लग्नानंतर वराती सुरू होतात, तेव्हा दसऱ्याच्या आधीच आरंभ केलेला बरा. मुहूर्ताच्या आठ दिवस आधी तेल पाजून घोडी चमकत नाही, फक्त हगवण लागते.

आता हिशेब. 150 मिली तेल म्हणजे सुमारे 138 ग्रॅम, त्यातून साडेतीनशे ग्रॅम चण्याची शक्ती मिळते. तेलाचा किलोचा भाव चण्याच्या अडीच पटीपेक्षा कमी असेल तर तेल परवडते, जास्त असेल तर महाग पडते. आपल्या बाजाराचे भाव घालून ज्याने त्याने पाहावे. मात्र तेलात प्रथिने नाहीत, क्षार नाहीत, त्यामुळे सगळा चणा काढून तेलावर भागवणे हा तोट्याचाच सौदा. आणि जी घोडी बसून आधीच गोल झाली आहे तिला तेलाची गरजच नाही.

कोणते तेल ? सोयाबीनचे तेल स्वस्त व सहज मिळणारे आहे, घोडा ते खातो. मोहरीच्या उग्र तेलाला बहुतेक घोडे तोंड फिरवतात. सर्वांत उजवे आम्हाला जवसाचे वाटते. त्यातील निम्म्याहून थोडी अधिक स्निग्धाम्ले ओमेगा-3 जातीची असतात, म्हणजे जी हिरव्या गवतातून घोड्याला निसर्गतः मिळतात त्याच जातीची. पावसाळ्यानंतर हिरवे संपते, दावणीला तणस येते, आणि नेमकी तीच उणीव पडते. धानाच्या उभ्या बांधीत जवस आणि लाखोळी फेकून पेरण्याची पद्धत आपल्या पूर्व विदर्भात जुनीच आहे, म्हणजे माल दाराशी आहे. घाणेवाल्यांनी लहान बाटल्यांत ताजे, खाण्याचे जवस तेल दिले तर त्यांनाही चार नवी गिऱ्हाइके मिळतील. हे तेल उजेडात आणि उन्हात लवकर खवट होते, म्हणून मोठा डबा घेऊन ठेवण्यात फायदा नाही. खवट तेल, तळणातले उरलेले तेल, सुटे भेसळीचे तेल दावणीपासून दूरच ठेवावे. 1998 साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या तेलाची भेसळ होऊन माणसे दगावली होती, जनावराची काय कथा !

तेल वाढले की ई जीवनसत्त्वाची गरजही वाढते. हिरवा चारा असेल तोवर काळजी नाही. नुसत्या तणसावर असलेल्या घोडीला ते वेगळे द्यावे लागते. 100 मिली तेलामागे 100 युनिट असा साधारण हिशेब आहे, पण औषध पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारूनच घ्यावे.

तेलाऐवजी जवस बीच देणारे काही आहेत. बी कोमट पाण्यात भिजवून रात्रभर ठेवले तर त्यात सायनाइडसारखे विष तयार होऊ शकते. द्यायचे तर खळखळ उकळून, किंवा कोरडे दळून लगेच मूठभर द्यावे. ढेप घेताना तीत एरंडी मिसळलेली नाही याची खात्री करावी, घोड्याला एरंडीचे विष फार थोडक्यात बाधते. लाखोळीचे तसेच. माणूस आणि बैल खातात म्हणून घोड्याला चालेल असे समजू नये. लाखोळी सतत पोटात गेली की मागचे पाय लटपटतात, आणि धावताना घशातून घरघर येते, कारण स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडतात. गाई-कोंबड्यांच्या तयार खाद्यातही काही वेळा मोनेन्सिन नावाचे औषध असते, ते घोड्याला प्राणघातक आहे.

वडशाच्या वाचकांसाठी कोंड्याबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे. राइस मिलचा कोंडा मुबलक मिळतो, आणि त्यातच तेल असते, मग वेगळे तेल कशाला, असे कोणी म्हणेल. कोंड्यात तेल असते हे खरे, पण मिलमधून निघाल्यापासून ते काही दिवसांतच खवट होऊ लागते. दुसरे असे की, कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम नगण्य. कोंड्यावर पोसलेल्या घोड्याच्या हाडांतून कॅल्शियम ओढले जाते, तोंडाची हाडे फुगतात, चाल लंगडी होते. कोंडा थोडा, ताजा, आणि कॅल्शियमची भर घालूनच द्यावा.

नालबंद बांधवांना गिऱ्हाईक विचारते की तेलाने खूर सुधारतो का. खूर महिन्याला जेमतेम सहा ते दहा मिलिमीटर वाढतो. आज खाल्लेल्याचा परिणाम तळाशी यायला कित्येक महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत खूर सुधारला असे कोणी म्हटले तर ते श्रेय नालबंदाच्या हाताचे.

शेवटी पोटशूळाची गोष्ट. घोडा लोळू लागला, पोटाकडे वळून पाहू लागला, की बांबूच्या नळीने तोंडात तेल ओतण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. हे करू नये. मान वर धरून ओतलेले तेल श्वासनळीतून फुफ्फुसात जाते, शूळ बरा झाला तरी न्यूमोनियाने घोडा जातो. या दुखण्यात तेल लागलेच, तर डॉक्टर नाकातून थेट पोटात नळी घालून देतात, आणि तेही खाण्याचे तेल नव्हे. तोवर चंदी बंद ठेवावी, घोडा उठण्यासारखा असेल तर हळूहळू फिरवावा, आणि डॉक्टरला बोलावणे धाडावे.