झिर्कोनियमला निओबियमची जोड

अर्धापूर परिसरातील केळीच्या बागेत पंप सुरू होतो, तेव्हा त्याला मिळालेली वीज नेमक्या कोणत्या केंद्रातून आली, हे सांगता येत नाही. राज्याच्या वीजजाळ्यात सर्व केंद्रांची वीज एकत्र मिसळलेली असते. त्यांपैकी तारापूरच्या अणुविजेमागे मात्र झिर्कोनियम या अल्पपरिचित धातूचा मोठा वाटा आहे.

झिर्कोनियम हा टिटॅनियमच्या कुळातील धातू होय. नेहमीच्या तापमानाला दोघांचीही स्फटिकरचना षट्कोणी असते. टिटॅनियम ८८२, तर झिर्कोनियम सुमारे ८६३ अंश सेल्सिअसच्या वर घनाकृती रचना धारण करतो. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारच थोडे शोषतो, म्हणून अणुभट्टीसाठी त्याची निवड झाली. (त्याच्याच खनिजात सापडणारा हाफ्नियम मात्र ते अधाशीपणे शोषतो आणि गुणधर्म इतके सारखे की, दोघांना विलग करणे मोठे जिकिरीचे.)

शुद्ध झिर्कोनियम या कामासाठी फार मऊ पडतो. १९६९ साली सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांतील इंधनाला झिर्कॅलॉय-२ या मिश्रधातूचे वेष्टन आहे. त्यात सुमारे दीड टक्का कथिल असते. कथिलाचे अणू मूळ रचनेत ताण निर्माण करतात. त्यामुळे अणूंचे थर एकमेकांवरून सहजी घसरत नाहीत. लोह, क्रोमियम व निकेल यांच्या अत्यल्प अंशामुळे उष्ण पाण्यातील गंज रोखला जातो. पण निकेल हायड्रोजनचे शोषण वाढवतो आणि हायड्रोजनपासून बनणारी संयुगे धातू ठिसूळ करतात.

हा धोका केवळ पुस्तकी नव्हता. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅनडातील पिकरिंग येथे झिर्कॅलॉय-२ची एक दाबनलिका सुमारे दोन मीटर लांब चिरली. नलिका वाकून बाहेरच्या थंड नळीला टेकली होती आणि त्या थंड जागी हायड्रोजन गोळा होऊन ठिसूळ फोड आले होते.

यावर उपयोगी पडली ती अडीच टक्के निओबियमयुक्त मिश्रधातू. निओबियम घनाकृती रचनेला टिकाव देतो, तर ऑक्सिजन षट्कोणी रचनेला. परिणामी तयार नलिकेत षट्कोणी रचनेचे लांबट कण आणि त्यांच्यामध्ये निओबियमने समृद्ध असा घनाकृती रचनेचा पातळ पापुद्रा आढळतो. ही नलिका अधिक बळकट असते व हायड्रोजनही कमी शोषते. राजस्थान अणुविद्युत केंद्राच्या दुसऱ्या भट्टीतील जुन्या नलिका १९९० च्या दशकात काढून याच मिश्रधातूच्या बसविण्यात आल्या. तारापूरच्या २००५ व २००६ साली कार्यान्वित झालेल्या ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्यांत तर प्रत्येकी ३९२ नलिका याच मिश्रधातूच्या आहेत.

निओबियम वाढवीत नेले की बळ वाढतच जाईल, असे मात्र नाही. ठरावीक प्रमाणात निओबियम असलेली घनाकृती रचना एकदम थंड केल्यास तीत ओमेगा नावाची तिसरी रचना उमटते. तिने धातू कठीण होतो, तसाच ठिसूळही. टिटॅनियमच्या काही मिश्रधातूंतही हेच घडते. या स्थित्यंतरांचा सखोल अभ्यास तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात झाला. केंद्राचे माजी संचालक डॉ. श्रीकुमार बॅनर्जी यांनी पी. मुखोपाध्याय यांच्यासह या विषयावर लिहिलेला ग्रंथ २००७ साली प्रसिद्ध झाला.