गिऱ्हाईक म्हणतं, ‘आता मोठा टँक द्या’: तेव्हा काय विकायचं आणि काय नाही



अ‍ॅक्वेरियम शॉपच्या व्हिडिओत आपण भांडवल, जागा आणि माल कुठून उचलायचा हे पाहिलं. वेळेअभावी एक भाग राहून गेला. खरं सांगायचं तर दुकान दुसऱ्या वर्षी उघडं असेल की नाही, हे तोच भाग ठरवतो.

दुकान टाकल्यावर काही महिन्यांतच एक गिऱ्हाईक हमखास येतं. त्याच्या घरी दोन फुटी टँक आहे, मुलांना आवड लागली आहे. ते म्हणतं, “दादा, आता जरा मोठा टँक द्या, आणि त्यात सगळ्या प्रकारचे मासे एकत्र पाहिजेत.” वेगवेगळ्या जातींचे मासे एकाच काचेत गुण्यागोविंदाने ठेवायचे, याला या धंद्यात कम्युनिटी टँक म्हणतात. टँक, स्टँड, फिल्टर, लाइट, खडी, मासे सगळं एका बिलात जातं. महिन्यातलं सगळ्यात मोठं बिल! आणि चूक झाली तर ती इथेच सगळ्यात महाग पडते.

माझंच सांगतो. ट्रेनिंगच्या क्षेत्रात यायच्या आधी मी घरी पहिला टँक आणला, दोन फुटी. दुकानदाराने त्यात दोन गोल्डफिश, चार टायगर बार्ब, दोन एंजल, एक सकर आणि दोन छोटे ‘शार्क’ दिले. “सगळे एकत्र राहतात साहेब, काही टेन्शन नाही.” चौथ्या दिवशी एंजलच्या लांब परांच्या चिंध्या झाल्या होत्या. दहाव्या दिवशी गोल्डफिश उलटे तरंगत होते. माझी मुलगी तेव्हा लहान होती, तिने दोन दिवस धड जेवण केलं नाही. टँक माळ्यावर गेला आणि त्या दुकानाची पायरी मी पुन्हा चढलो नाही. त्या माणसाने त्या दिवशी मला अकरा मासे विकले. पुढची दहा वर्षं मी त्याच्याकडून दाणे, फिल्टरचे स्पंज, औषधं, नवे मासे घेतले असते, ते सगळं त्याने त्याच दिवशी घालवलं.

तो लबाड होता असं मला आज वाटत नाही. त्याला माहीतच नसावं. तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून हा लेख.

मोठा म्हणजे कुठल्या बाजूने मोठा?

गिऱ्हाईक बहुतेक वेळा उंच टँककडे बोट दाखवतं, कारण उंच टँक दिवाणखान्यात भारी दिसतो. तुम्ही मात्र लांब-रुंद टँककडे वळवा. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच म्हणजे ९ घनफूट. ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि २ फूट उंच घेतला तरी ९ घनफूटच. पाणी तेवढंच, पण पहिल्या टँकचा वरचा पृष्ठभाग ६ चौरस फूट आहे आणि दुसऱ्याचा साडेचार. पाण्यात ऑक्सिजन मिसळतो तो मुख्यतः पृष्ठभागावरून. शिवाय मासे आडवे पोहतात, लिफ्टसारखे वर-खाली करत नाहीत. आणि दोन फूट खोल टँकच्या तळाची खडी साफ करताना बाही खांद्यापर्यंत भिजते. तुम्ही मेंटेनन्सची सर्व्हिस देणार असाल तर ती बाही तुमचीच असेल.

एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर, हे पाठच करून ठेवा. जुना २×१×१ चा टँक ५६ लिटरचा. नवा ४×१.५×१.५ चा टँक काठोकाठ धरला तर २५५ लिटरचा, वर दोन इंच जागा सोडली तर सव्वादोनशेच्या आसपास.

“एवढा मोठा टँक सांभाळायला जड जाईल हो,” असं गिऱ्हाईक म्हणणारच. इथे शांतपणे समजावा, कारण गोष्ट बरोब्बर उलटी आहे. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो. तोच अमोनिया ५६ लिटरमध्ये विष ठरतो, तर सव्वादोनशे लिटरमध्ये तो पातळ होतो आणि आपल्याला सावरायला वेळ मिळतो. तापमानही मोठ्या टँकमध्ये सावकाश बदलतं. नाशिक-पुण्याची डिसेंबरची रात्र असो की गावाकडचं चार तासांचं लोडशेडिंग, मोठ्या टँकमध्ये मोजके मासे असतील तर ते जास्त वेळ तग धरतात. अट एकच, मासे मोजकेच हवेत. टँक चौपट झाला म्हणून मासे चौपट केले, तर आपण होतो तिथेच.

आता वजन. सव्वादोनशे लिटर पाणी म्हणजे सव्वादोनशे किलो. काच चाळीस-पन्नास किलो, खडी वीस-पंचवीस किलो, वर स्टँड. तीन-सव्वातीनशे किलोचा ऐवज दीड फूट रुंदीच्या पट्टीवर उभा राहणार. त्यामुळे ऑर्डर घेण्याआधी एकदा गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन या. जागा भिंतीलगतची, शक्यतो बीमवरची निवडा. पुढे काढलेल्या बाल्कनीच्या स्लॅबवर ठेवू नका. इमारत जुनी असेल तर “आधी इंजिनिअरला विचारा, मग ऑर्डर द्या” असं सरळ सांगा. बिल एक आठवडा लांबेल, लांबू दे. स्टँड लोखंडी किंवा चांगल्या प्लायचा घ्या. पार्टिकल बोर्डाचं कपाट पाण्याने फुगतं. टँकखाली थर्मोकोलची शीट घाला आणि लेव्हल लावूनच ठेवा. एक कोपरा दोन-तीन मिलीमीटर जरी अधांतरी राहिला तरी काचेवर ताण येतो. सांधा रात्री दोनला सुटला तर फोन तुम्हालाच येणार.

फिल्टरचा हिशोब सोपा आहे: टँकमधलं पाणी तासाला चार-पाच वेळा फिरलं पाहिजे. म्हणजे इथे तासाला हजार लिटरच्या आसपासचा फिल्टर लागेल. बॉक्सवरचा आकडा रिकाम्या फिल्टरचा असतो, म्हणून एक नंबर मोठा द्या.

मासे निवडताना दुकानातला आकार विसरा

होलसेल बाजारातून येणारे बहुतेक मासे पिल्लं असतात. मुंबईत कुर्ल्याच्या मासळीबाजारात रविवारी पहाटे गेलात तर प्लास्टिकच्या पिशव्यांत सगळे दीड-दोन इंचांचे दिसतील. पण त्यातला सकर फूटभराच्या वर जातो. सिल्व्हर शार्क फूटभर होतो. आणि आपल्याकडे नुसतं ‘शार्क’ म्हणून जो विकतात, तो असतो पंगास. खाण्यासाठी शेततळ्यात पाळतात तोच! तो तीन फुटांच्या पुढे जाऊ शकतो. चार फुटी टँकमध्येही त्याला जागा नाही. मोठे झाले की लोक हे मासे तळ्यात नेऊन सोडतात. सकर तसाच सुटून आज देशातल्या कित्येक तळ्या-नद्यांत पसरला आहे आणि तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो. तेव्हा प्रत्येक टाकीवर भावाच्या पाटीशेजारी ‘पूर्ण वाढ: इतके इंच’ अशी दुसरी पाटी लावा. खर्च दहा रुपये, आणि गिऱ्हाईक पाटी वाचून स्वतःच प्रश्न विचारायला लागतं.

मग एकत्र कोण राहतं? तीन गोष्टी जुळवायच्या: पाणी, स्वभाव आणि पोहण्याची पातळी.

पाण्यापासून सुरुवात करा. पालिकेचं धरणाचं पाणी बहुधा मऊ असतं, बोअरचं जड. गिऱ्हाइकाला विचारा, घरी बादलीत पांढरा थर बसतो का? बसत असेल तर मॉली, प्लाटी, स्वोर्डटेल, गप्पी ही मंडळी मजेत राहतात. त्याच पाण्यात नियॉन टेट्रा कुढत राहतो, त्याला मऊ पाणी लागतं. गोल्डफिश या सगळ्यांतून बाजूला काढा. तो थंड पाण्याचा, खादाड आणि भरपूर घाण करणारा मासा आहे. त्याचा टँक वेगळाच हवा.

स्वभावाच्या बाबतीत आपला सगळ्यात मोठा घोळ म्हणजे ‘जोडी’. आपल्याकडे गिऱ्हाईक सगळंच जोडीने मागतं. एक जोडी टेट्रा, एक जोडी बार्ब, एक जोडी कोरी. हे मासे थव्याने राहणारे आहेत. सहापेक्षा कमी असले की टेट्रा झाडामागे लपून बसतो. टायगर बार्ब तर दोन-चारच असले की दुसऱ्यांच्या परांवर राग काढतो. माझ्या एंजलचं तेच झालं होतं. आठ-दहांचा थवा असला की तो आपसातच पळापळ करतो. तरीही एंजल, गुरामी, फायटर अशा लांब परांच्या माशांसोबत मी तो देणार नाही. एंजल स्वतःही काही संत नाही. पूर्ण वाढलेला एंजल नियॉनला भक्ष्य समजतो. आणि ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना यांना कम्युनिटीत टाकणं म्हणजे वाघाला गोठ्यात बांधणं.

मऊ पाण्याच्या चार फुटी टँकसाठी मी सुचवतो ती यादी अशी: वरच्या भागात आठ झेब्रा डॅनिओ, मध्ये बारा नियॉन आणि पर्ल गुरामीची एक जोडी (इथे जोडी चालते), तळाला सहा-आठ कोरीडोरास. झेब्रा डॅनिओ आपल्याच भारतीय उपखंडातला, काटक आणि स्वस्त. गिऱ्हाईक म्हणेल, “एवढ्या टँकमध्ये तीसच मासे? तेही बारके?” पाण्यात झाडं लावून, मागे काळा कागद चिकटवून असा एक टँक दुकानातच चालू ठेवा. बारा नियॉन एकदम वळताना दिसले की तो प्रश्न पुन्हा येत नाही.

एक गिऱ्हाईक तुम्हाला वारंवार भेटेल, म्हणून थोडं विषयांतर. “वास्तुवाल्यांनी सांगितलंय, नऊ मासे पाहिजेत, आठ सोनेरी आणि एक काळा.” बहुतेक दुकानदार दीड फुटी टँकमध्ये नऊ गोल्डफिश कोंबून मोकळे होतात. नऊ मासे महिनाभरही टिकत नाहीत आणि गिऱ्हाईक अपशकुन झाला म्हणून हबकतं. वाद घालू नका. बोअरचं पाणी असेल तर तीन फुटी टँक, आठ गोल्डन प्लाटी आणि एक ब्लॅक मॉली द्या. रंग जुळला, संख्या जुळली, पाणीही जुळलं. फक्त नऊही नर निवडा. पोटाखालचा मागचा पर काडीसारखा टोकदार असतो तो नर, पंख्यासारखा असते ती मादी. मादी गेली तर दोन महिन्यांत नवाचे एकोणचाळीस होतील आणि वास्तुवाले पुन्हा बोलवावे लागतील.

मासे हप्त्याने विका

नव्या टँकमध्ये अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू नसतात. ते फिल्टरमध्ये वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी तीस मासे टाकले तर ते आपल्याच घाणीत गुदमरतात. नव्या टँकमध्ये मासे मरण्याचं एक मोठं कारण हे आहे, आणि लोक समजतात मासे ‘कमजोर’ होते.

तुमच्या दुकानाची खरी ताकद इथे आहे. चालू टाक्यांमध्ये दोन-चार स्पंज फिल्टर जास्तीचे लावून ठेवा. मोठा टँक विकला की त्यातला एक मुरलेला स्पंज सोबत द्या. ऑनलाइन टँक विकणाऱ्याला हे जमणार नाही. गिऱ्हाइकाच्या जुन्या टँकचा स्पंज असेल तर तोही नव्या फिल्टरमध्ये घाला, मात्र नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीनने जिवाणू मरतात. जुन्या टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा.

मग पहिल्या आठवड्यात फक्त झेब्रा डॅनिओ. दहा दिवसांनी पाणी तपासायचं. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले तर कोरी. पुन्हा दोन आठवड्यांनी गुरामी, आणि नाजूक नियॉन सगळ्यात शेवटी. पाण्याची टेस्ट फुकट करून द्या, बाटलीत पाणी घेऊन या म्हणावं. सहा-सात आठवड्यांत तेच गिऱ्हाईक चार वेळा दुकानात येतं आणि दर वेळी काहीतरी घेऊन जातं. समजा, त्यातल्या वीस घरांनी महिन्याला सहाशे रुपयांत तुमची साफसफाईची सर्व्हिस घेतली, तर बारा हजार झाले. दुकानाच्या भाड्याला हातभार.

नवीन आलेला माल मात्र लगेच विकू नका. निदान दोन आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा, जाळीही वेगळी ठेवा. अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके दिसले तर ती पूर्ण बॅच थांबवा. एका पिशवीतून तो रोग गिऱ्हाइकाच्या सगळ्या टँकमध्ये पसरतो.

मासे देताना चार ओळींची चिठ्ठी पिशवीला स्टेपल करा, मराठीत, मोठ्या अक्षरांत. पिशवी बंदच ठेवून पंधरा-वीस मिनिटं टँकच्या पाण्यावर तरंगत ठेवा. मग टँकचं थोडं थोडं पाणी पिशवीत घाला. मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतू नका. त्या रात्री लाइट बंद ठेवा आणि दाणे दुसऱ्या दिवशी सकाळी. चिठ्ठीच्या खाली तुमचा फोन नंबर. पुढच्या व्हिडिओत दुकानातल्या टाक्यांचा रॅक कसा लावायचा ते पाहू.