कपाशीचे बारा वाण आणि ॲरे पिसण्याची रीत

गरज कुठे पडते

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ सालचे. 'पीकेव्ही रजत'सारखे कपाशीचे वाण इथलेच. वाणांची तुलना करताना कोणता वाण कोणत्या प्लॉटमध्ये पेरायचा हे नशिबावर सोडतात. नाहीतर भारी जमिनीचा फायदा एखाद्यालाच मिळतो. 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन'मध्ये प्रत्येक ब्लॉकात, म्हणजे प्लॉटच्या एकेका गटात, प्रत्येक वाण एकदाच येतो आणि दर ब्लॉकाला क्रम नव्याने लागतो. समजा, वाण १२ आहेत. म्हणजे १ ते १२ हे आकडे कसेही उलटसुलट, पण एकेकदाच हवेत.

नुसते रँडम का पुरत नाही

हे आकडे संगणकावर काढायचे तर जावास्क्रिप्टचे 'मॅथ.रँडम' ० पासून १ च्या आतला अपूर्णांक देते. त्याला १२ ने गुणा, 'मॅथ.फ्लोअर'ने पूर्णांक घ्या, १ मिळवा, आकडा तयार. पण आधी काय दिले याची त्याला आठवण नसते. १२ वेळा मागून बाराही वेगळे येण्याची शक्यता सुमारे १८,६०० त एक. आधीच आलेले आकडे टाकून पुन्हा मागत बसलात, तर सरासरी ३७ वेळा मागावे लागते.

आधी भरा, मग पिसा

१. ॲरेत, म्हणजे क्रमवार यादीत, १ ते १२ क्रमाने भरा.
२. शेवटच्या जागेवर उभे राहा. ती धरून अलीकडच्या सगळ्या जागांतून एक रँडम जागा निवडा.
३. दोन्ही जागांवरचे आकडे अदलाबदल करा.
४. एक जागा मागे या. दुसऱ्या जागेपर्यंत हेच करा.

अकरा अदलाबदलींत काम संपते. आकडे फक्त जागा बदलतात, म्हणून दुबार येण्याचा प्रश्नच नाही. पाचच हवे असतील तर पिसलेल्या ॲरेतले पहिले पाच घ्या.

या रीतीचे मूळही शेतीशी जोडलेले आहे. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी ती १९३८ मध्ये जीवशास्त्र, शेती व वैद्यकातील संशोधनासाठीच्या तक्त्यांच्या पुस्तकात कागद-पेन्सिलीसाठी दिली. अदलाबदलीचे संगणकी रूप रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांचे, १९६४ चे.

इथे चुकते

'सॉर्ट'ला रँडम उत्तर देऊन पिसू नका. काही क्रम जास्त वेळा येतात. दर वेळी सगळ्याच जागांतून निवडणेही चूक. तीन आकड्यांना तसे २७ मार्ग होतात, क्रम मात्र ६. २७ ला ६ ने भाग जात नाही, मग वाटणी समान कशी होणार?

'मॅथ.रँडम'ला सीड, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक आकडा, देता येत नाही, त्यामुळे तोच क्रम पुन्हा काढता येत नाही. पेरणीआधी नोंदवून ठेवा. सोडतीसारख्या कामाला, जिथे निकालाचा अंदाज कुणालाच येता कामा नये, 'क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज' वापरा.