कातळातलं होकायंत्र

मे महिन्यात चंद्रपुरात पारा 45 अंशांच्या पुढे गेलेला असताना कुणी म्हणालं, ‘इथं पूर्वी हिमनद्या वाहायच्या’, तर ऐकणारा आधी त्याला सावलीत बसवून ताक पाजेल. पण चंद्रपूरजवळ इरई इथल्या खडकावर हिमनदीनं ओढलेले चरे आहेत. बर्फाच्या तळाशी अडकलेले गोटे खडकावरून फरफटत गेले की असे चरे उमटतात. वय सुमारे 30 कोटी वर्षं. भूशास्त्रज्ञांनी ते एकोणिसाव्या शतकातच पाहिले आणि तेही बुचकळ्यात पडले, कारण त्याच काळातल्या हिमनद्यांच्या खुणा दक्षिण आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण अमेरिकेतही सापडत होत्या.

दुसरं कोडं पानांचं. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या, आता नामशेष झालेल्या झाडाच्या पानांचे ठसे मिळतात. दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्याचे सोबती थंडी-उपासमारीनं मेले, तेव्हा त्यांच्या तंबूपाशी सुमारे 16 किलो दगड सापडले. मरणाच्या दारात असूनही त्यांनी ते टाकले नव्हते. त्या दगडांतही ग्लोसोप्टेरिस होतं! अशा काही प्रदेशांचा मिळून एक जुना भूखंड असावा, असं ऑस्ट्रियाचे एडुआर्ड स्यूस यांनी आधीच सुचवलं होतं. त्याला त्यांनी दिलेलं ‘गोंडवाना’ हे नाव आपल्या मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखाचं. मात्र मधली जमीन समुद्रात बुडाली, अशी त्यांची समजूत होती.

जमीन बुडाली नाही, सरकली. हे ठामपणे म्हणाला तो एक हवामानशास्त्रज्ञ. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी जानेवारी 1912 मध्ये फ्रँकफर्टच्या व्याख्यानात ही कल्पना मांडली, 1915 मध्ये तिचं पुस्तक केलं. भूशास्त्रज्ञांनी टर उडवली. त्यांचं सगळंच चुकलं होतं, असं मात्र नाही. एवढा अवजड खंड ढकलतं कोण, या प्रश्नाला वेगेनर यांच्याकडे पटेल असं उत्तर नव्हतं. 1930 मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात ते वारले, आणि पुढची वीसेक वर्षं हा विषय बहुतेकांनी अडगळीत टाकला.

तो बाहेर निघाला तो चुंबकामुळे, आणि तेही एका फसलेल्या प्रयोगाच्या कृपेनं. स्वतःभोवती फिरणारी कुठलीही जड वस्तू चुंबकत्व निर्माण करत असेल, असं नोबेल विजेते ब्रिटिश पदार्थवैज्ञानिक पॅट्रिक ब्लॅकेट यांना वाटत होतं. ते तपासायला त्यांनी बँक ऑफ इंग्लंडकडून तब्बल 15 किलो सोनं उसनं घेऊन त्याचा दंडगोल केला आणि अतिशय क्षीण चुंबकत्वही टिपणारं यंत्र बनवलं. कल्पना चुकीची ठरली. सोनं परत गेलं, यंत्र उरलं. मग ब्लॅकेट यांनी त्याला दगड मोजायला लावलं.

दगडाचं चुंबकत्व म्हणजे काय? लाव्हा निवताना त्यातल्या लोहयुक्त कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेत रुळतं आणि तसंच गोठतं. मोकळी टांगलेली चुंबकसूची विषुववृत्तावर आडवी राहते, ध्रुवाकडे जावं तशी कलत जाते, आणि दक्षिण गोलार्धात तिचा कल उलट होतो. म्हणजे गोठलेला कल मोजला की तो दगड कुठल्या अक्षांशावर जन्मला ते कळतं. त्यासाठी हवा भरपूर लाव्हा. आणि लाव्हाच म्हणायचं, तर महाराष्ट्रातलं दख्खनचं पठार बहुतेक त्याचंच आहे!

केंब्रिजमध्ये टेड आयर्व्हिंग या तरुणानं 1951 मध्येच दख्खनचे नमुने मिळवून ही कसोटी लावायला घेतली होती. त्याचा प्रबंध मात्र विद्यापीठानं नाकारला. 1956 मध्ये लंडनच्या जॉन क्लेग यांच्या गटानं दख्खनच्या कातळाचे निष्कर्ष छापले: हा लाव्हा विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला निवलेला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही हे काम झालं. 1959 च्या शोधनिबंधावर डॉइच, राधाकृष्णमूर्ती यांच्याबरोबर सहस्रबुद्धे हे नाव आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपलं पठार आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होतं, असं आता मानलं जातं. तिथून इथवरचा प्रवास चार हजार किलोमीटरहून जास्त.

ढकलणाऱ्याचा माग समुद्रतळाशी लागला. तिथल्या भेगांतून नवा लाव्हा वर येतो आणि तळ दोन्ही बाजूंना सरकतो, असं हॅरी हेस यांनी 1962 मध्ये मांडलं. पुढच्याच वर्षी फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी पुराव्याची वाट दाखवली. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं, त्यामुळे तळावर सुलट-उलट चुंबकत्वाचे पट्टे उमटायला हवेत. त्यांनी वापरलेली मोजमापं होती कार्ल्सबर्ग पर्वतरांगेवरची, अरबी समुद्राला लागून असलेल्या तळावरची. (हो, नाव त्याच डॅनिश बिअरवाल्यांच्या प्रतिष्ठानावरून आलंय.) साठचं दशक संपेपर्यंत बहुतेक विरोधक गप्प झाले. वेगेनर यांची एक चूकही दुरुस्त झाली: खंड समुद्रतळ नांगरत जात नाहीत, ते तळासकट एकाच जाड भूपट्टावर बसून सरकतात.

आज हे सरकणं उपग्रहांच्या मदतीनं थेट मोजता येतं. भारत वर्षाला सुमारे 5 सेंटीमीटर ईशान्येकडे चाललाय. कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात रस्त्यासाठी फोडलेला काळा कातळ दिसला, तर गाडीतून जरा नीट बघा. त्यातले कण अजून दक्षिण गोलार्धातलाच कोन धरून बसलेत.