माइक बदलण्याआधी

"समोरच्याले आवाज बराबर जात नाही." खामगावातल्या संगणक दुरुस्तीच्या दुकानात माइकची तक्रार बहुधा याच शब्दांत येते. दुकानदार लगेच लॅपटॉप उघडत नाही. तो विचारतो, "पण समोरचा म्हणते काय?" फाटका, तुटक, बारीक, घरघरणारा की "इहिरीतून येऊन राह्यला" असा? प्रत्येक तक्रारीमागचं कारण वेगळं असतं. त्याच्या शेजारी बसून मी जेवढं पाहिलं, त्यात खुद्द माइक बिघडलेला क्वचितच निघाला.

आपला आवाज पलीकडे कसा पोचतो हे बोलणाऱ्याला ऐकू येत नाही, ही या कामातली मूळ अडचण. म्हणून सुरुवात रेकॉर्डिंगने. गिऱ्हाइकाने चार वाक्यं बोलायची आणि स्वतःच ऐकायची. रेकॉर्डिंग स्वच्छ निघालं आणि कॉलवर मात्र शब्द गळत असतील, तर आधी इंटरनेट तपासायचं.

मग दुकानदार नखाने माइकच्या जाळीवर हलकेच खरवडतो आणि पडद्यावरची आवाजाची पट्टी बघतो. हेडफोनचा माइक खरवडला तर पट्टी ढिम्म, लॅपटॉपच्या कडेला नख लावलं तर उसळते. संगणक भलत्याच माइकमधून ऐकत होता! विहिरीतून आल्यासारख्या आवाजाचं हे नेहमीचं कारण. दुसरं कारण खोली. स्लॅबचं नवं घर, खाली टाइल्स, भिंती उघड्या. तोंड माइकपासून लांब असलं की थेट आवाजापेक्षा भिंतींवरून परतलेलाच जास्त पोचतो. माइक जवळ घ्यावा, समोरच्या भिंतीवर जाड वाकळ टांगावी. फाटका आवाज याच्या उलट. पातळी शंभरावर आणि वर 'मायक्रोफोन बूस्ट' 30 डेसिबल, म्हणजे मोठ्याने बोललेला प्रत्येक शब्द वरून छाटला जातो. बूस्ट उतरवला की आवाज मोकळा होतो.

ब्लूटूथवाल्यांची समजूत घालायला वेळ लागतो. गाणी सुरेख वाजतात, मग कॉलवरच डबा का वाजतो? गाण्यासाठी ब्लूटूथ एकाच दिशेने भरपूर माहिती पाठवतं. माइक चालू झाला की त्याला दोन्ही दिशा सांभाळाव्या लागतात आणि ते वेगळ्या, अरुंद पद्धतीवर उतरतं. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने असतात. जुन्या ब्लूटूथ हेडसेटच्या कॉलमध्ये 8,000, नंतरच्या बऱ्याच हेडसेटमध्ये 16,000. इंटरनेटवरच्या कॉलला यावर फुकटचा उपाय आहे: ऐकायला ब्लूटूथ ठेवा, बोलायला लॅपटॉपचाच माइक निवडा. मोबाइलचा कॉल 'फोन लिंक'ने संगणकावर घेतला तर मात्र फोन आणि संगणक यांच्यातला दुवाच ब्लूटूथचा असतो. महत्त्वाचं बोलणं असेल तर तो कॉल सरळ फोनवरच घ्यावा, हे माझं मत.

घरघरीचं कारण तर कधी कधी थेट जमिनीत सापडतं. दुकानदार चार्जर काढायला लावतो. घरघर थांबली, तर दोष माइकचा नाही, विजेचा. आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग नसलं की तिची गुणगुण आवाजात शिरते. तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या सॉकेटमध्ये बसवलेला असतो, किंवा अर्थिंग असूनही निकामी झालेलं असतं. इथली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि सुकलेल्या मातीतून वीज नीट उतरत नाही. जुनी माणसं उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायची, ती उगाच नव्हे. लॅपटॉपच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर प्रश्न निव्वळ आवाजाचा राहत नाही. मग दुकानदार माइक विकत नाही, वायरमनला बोलवायला सांगतो. कॉल तेवढा चार्जर काढून बॅटरीवर होतो.

खरोखर दोष माइकपाशी असला तरी पुष्कळदा तो धुळीचा असतो. सरकी-कापसाच्या या गावात हवेतली पूड सुईएवढ्या छिद्रात बसते आणि आवाज बारीक होतो. कोरड्या मऊ ब्रशने झाडायचं. टाचणी घालायची नाही, आतला पडदा फाटतो.

हे सगळं मला महत्त्वाचं वाटतं, कारण या दुकानात येणारी बरीच मुलं पुण्याच्या कंपन्यांना घरूनच मुलाखत देणारी असतात. उत्तर बरोबर असून ते ऐकूच गेलं नाही, तर मेहनत वाया जाते. मे महिन्यात इथे कूलर बंद ठेवता येत नाही, आणि कूलरची घरघर गाळणारं सॉफ्टवेअर कधी शब्दांचे शेवटही गिळतं. तेव्हा मुलाखत असेल तर आदल्या दिवशी, त्याच खोलीत, तोच कूलर चालू ठेवून दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि ऐका. नवा माइक घ्यायचा की नाही, ते त्यानंतर ठरवा.